ताळगावच्या पठारावर बिऱ्हाड मांडताना

गोव्यात एम.ए. किंवा एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला की पहिला प्रश्न येतो, 'पणजीत खोली केवढ्याला पडेल?' प्रश्नच जरा चुकतो. गोवा विद्यापीठ पणजीत नाही. ते ताळगावच्या पठारावर आहे, एका अंगाला बांबोळी, दुसऱ्या अंगाला दोनापावला. शिवाय शैक्षणिक वर्ष सुरू होतं ते ऐन पावसात. त्यामुळे भाड्याचा आकडा विचारण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: भिंतीला ओल किती आहे आणि संध्याकाळची शेवटची बस किती वाजता आहे.

सगळं सामान घेऊन एकदम येऊ नका. पहिल्या फेरीला एक बॅग, कागदपत्रांची फाईल आणि छत्री पुरे. चार-पाच दिवस ओळखीच्यांकडे किंवा साध्या लॉजमध्ये राहा, वसतिगृहाचा अर्ज भरा, खोल्या बघा. गादी-भांडी नंतर. न बघता फोनवर आगाऊ पैसे पाठवून घेतलेली खोली बहुतेक वेळा दोन महिन्यांत सोडावी लागते.

रेल्वेने येत असाल तर पणजीला जवळचं स्टेशन करमळी, पण सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. मडगावला उतरलात तर कदंबची (गोव्याची सरकारी बससेवा) पणजी शटल मिळते. तिकीट खिडकीवर आधी काढायचं आणि लक्षात ठेवायचं की शटल मध्ये कुठे थांबत नाही. ती बांबोळीवरूनच जात असली तरी तुम्हाला तिथे उतरवणार नाही. बांबोळीला उतरायचं तर थांबे घेणारी साधी बस धरा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, म्हणून प्रवेशाच्या मुदतीच्या दिवशी पोहोचणारी गाडी धरू नका. आदला दिवस हातात हवा. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे किंवा बेळगावहून चोर्ल्यामार्गे येणाऱ्यांनाही हेच लागू: धुकं आणि दरड वेळ सांगून येत नाहीत.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते मायग्रेशन सर्टिफिकेटवर, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना लागणाऱ्या दाखल्यावर. सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, कोल्हापूरची शिवाजी विद्यापीठाची. दाखला कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, आणि अर्ज केल्यावर तो हातात पडायला वेळ लागतो. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज करा. सोबत टीसी, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, मध्ये वर्ष गेलं असेल तर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाच्या तीन-तीन साक्षांकित प्रती. महाराष्ट्रातला ओबीसी दाखला गोव्याच्या राखीव जागेसाठी चालेल असं धरून चालू नका; राज्यांच्या याद्या वेगळ्या असतात. आणि एक विनंती: मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. मागच्या बाजूला शिक्का मारायची वेळ आली की पंचाईत होते. प्लास्टिकच्या झिप पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा.

आता खोली. दोनापावला आणि करंझाळे ही समुद्राजवळची, दिसायला सुरेख आणि भाड्याला जड. ताळगाव गाव, सांताक्रूझ, मेरशी, बांबोळी इथे विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या खोल्या सापडायची शक्यता जास्त. मांडवीपलीकडे पर्वरीला स्वस्त मिळालं म्हणून हुरळून जाऊ नका. रोज पूल ओलांडून पणजीला यायचं आणि तिथून दुसरी बस धरून पठारावर, यात सकाळचा तासभर सहज जातो. दुचाकी असली तरी मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, जुन्याच पुलाने यावं लागतं.

खोली बघायला शक्यतो पाऊस पडत असताना जा. दारातूनच नाक कामाला लावा: कुबट वास आला तर उदबत्ती कशासाठी लावलीय ते कळतं. मग जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर भिंतीला तळहात टेकवा. गोव्यातली जुनी घरं जांभ्या चिऱ्यांची. चिरा पाणी शोषतो आणि ते भिंतीतून वर चढतं, म्हणून ओल आधी खालच्या पट्ट्यात दिसते. रंगाला फुगे आलेले असतील किंवा बोटाला पांढरी भुकटी लागली तर तो लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) आहे, रंगकामाने जात नाही. जून महिन्यात एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तीच भिंत नीट तपासा. कपाट भिंतीपासून चार बोटं ओढून मागे बघा. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर पावसाचा मारा थेट बसतो, त्या बाजूला खिडकी असेल तर वर छज्जा किंवा पत्रा आहे का पाहा. तळमजल्याला ओल खालून येते, वरच्या मजल्याला स्लॅबमधून. स्लॅबवर कौलांचं किंवा पत्र्याचं छप्पर असेल तर वरचा मजला बरा. मधला मजला मिळाला तर डोळे मिटून घ्या, म्हणजे नळ आणि टाकी तपासून झाल्यावर.

टाकीचं विचारायचंच. तिसवाडीला, म्हणजे पणजी-ताळगावच्या तालुक्याला, पाणी फोंडा तालुक्यातल्या ओपाहून येतं. ती मोठी जलवाहिनी फुटली की बाहेर धो-धो पाऊस आणि घरात नळ कोरडा, असे एक-दोन दिवस काढावे लागतात. घराला जमिनीखालची टाकी किंवा विहीर असेल तर ते दिवस जाणवत नाहीत.

करार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून मोठा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. यातली खरी मेख मोसमाची. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पर्यटक आले की समुद्राजवळची खोली दिवसाच्या भाड्याने जाते, आणि काही मालकांना ऐन सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर 'भाचा येणार आहे' हे आठवतं. म्हणून करारात लिहून घ्या: मुदत संपेपर्यंत भाडं वाढणार नाही आणि दोन्ही बाजूंनी निदान एक महिन्याची सूचना. अनामत रक्कम बँकेतून द्या, रोख दिली तर पावती घ्या. विजेचा सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीच्या आकड्याचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. युनिटचा दरही त्याच संदेशात. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म जवळच्या पोलीस ठाण्यात गेलाच पाहिजे. तो भरायची जबाबदारी मालकाची, पण आधार कार्डाची प्रत, फोटो आणि विद्यापीठाचं ओळखपत्र तुमचं. मालक टाळाटाळ करत असतील तर दुसरी खोली बघा. पडताळणी नको म्हणणारा मालक बहुतेक वेळा करारही नको म्हणतो.

प्रवासाचं गणित सोपं आहे, फक्त संध्याकाळी बिघडतं. दिवसा पणजीच्या कदंब स्टँडवरून बस मिळतात, खासगी बसचा कंडक्टर 'फुडें चल, फुडें चल' करत तुम्हाला पार मागच्या सीटपर्यंत दाबतो. रात्री आठच्या पुढे मात्र बसच्या भरवशावर राहू नका आणि रविवारी तर दिवसाही ताटकळावं लागतं. प्रयोगशाळेत उशिरापर्यंत काम असणाऱ्यांनी चालत जाता येईल अशीच खोली घ्यावी. मोटरसायकलवरून नेणारे पायलट, ज्यांच्या गाडीचा मडगार्ड पिवळा असतो, ते सोयीचे. भाडं बसण्याआधी ठरवायचं.

घरची दुचाकी आणायची असेल तर आरसी, विमा, पीयूसी गाडीत हवं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. दोन वर्षांचा कोर्स आहे हे आधीच लक्षात घ्या. रेल्वे पार्सलने पाठवताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. भाड्याची गाडी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी भाड्याने दिली तर दंड होतोच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

स्वयंपाकासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. रेल्वेतून सिलिंडर आणता येत नाही, त्यामुळे तो इथेच घ्यायचा. इंडक्शन लावणार असाल तर १६ अँपिअरचा सॉकेट आहे का ते बघा, साध्या सॉकेटला शेगडी लावली की बोर्ड वितळू शकतो. सकाळी पोदेर (पाववाला) सायकलचा भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडून उंडे किंवा पोळी घ्या (ही पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, आपली पुरणाची नव्हे). १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून पहिल्या महिन्यात मासळी महाग दिसली तर खानावळवाल्याशी वाद घालू नका. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात. बादली, दोरी, चादरी, चटई असली खरेदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका फेरीत होते. सकाळी लवकर जा.

भाषेची अडचण येत नाही. मराठीत बोललात तर दुकानात, बसमध्ये सगळीकडे कळतं. उत्तर कोकणीत आलं तर ते तुम्हालाही आठवड्याभरात कळायला लागतं. अभ्यासाला विद्यापीठाचं ग्रंथालय आहेच, शिवाय पणजीत पाट्टोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे मराठी विभागही चांगला आहे. सदस्यत्व पहिल्याच महिन्यात करून टाका.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळा गोवा आपापल्या मूळ घरी जातो. खानावळी बंद, बस कमी. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. निघताना गादी उभी करून भिंतीपासून लांब ठेवा, कपाटाचं दार उघडं सोडा आणि चामड्याचे बूट सोबत न्या. आठ दिवस बंद राहिलेल्या खोलीत बुरशी पहिल्यांदा त्यांच्यावरच येते.