खडकाळ किनाऱ्यावर चौकट टाकण्याआधी

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरचे जीव मोजायचे, तर तयारी पंचांगापासून सुरू होते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे सकाळची ओहोटी पाचला, अंधारात. वद्य द्वितीयेला ती साडेसातच्या सुमारास येते आणि उधाणाचा जोरही टिकून असतो. पण हा अंदाज झाला. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत, म्हणून जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटी कोष्टकात उंची पाहून ०.५ मीटरच्या खालची ओहोटी निवडा.

मग चौकटींचा हिशेब. चौकट खडकावर ठेवायची आणि तिच्या आतले जीव मोजायचे. कामाचे तास अडीच, म्हणजे १५० मिनिटं. दोघांच्या जोडीला एका चौकटीला १० मिनिटं लागतात. तेव्हा १५ चौकटी: फितीने आखलेल्या तीन रेषा, प्रत्येकीवर पाच. अभ्यासाच्या प्रस्तावात ३० लिहिल्या असतील तर दुसरी जोडी किंवा दुसरा दिवस हवाच. घाईत बारीक गोगलगाई नजरेतून सुटतात, आणि घाईच्या चौकटी किनाऱ्याच्या एकाच उंचीच्या पट्ट्यातल्या असल्या की तिथे गोगलगाई कमी आहेत असा खोटा निष्कर्ष निघतो.

चौकट अर्धा इंची पीव्हीसी पाइपची, आतून ५० × ५० सेंटीमीटर. कोपऱ्यांचे जोड (एल्बो) बसवल्यावरच माप घ्या. पाइपला भोकं पाडा, नाहीतर डबक्यात ती तरंगते. दर ५ सेंटीमीटरवर तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) आडवा-उभा ताणला की १०० घरं होतात, एक घर म्हणजे एक टक्का. शैवाल आणि झोआंथिड (खडकावर पसरणारे, प्रवाळाच्या नात्यातले मऊ जीव) टक्क्यांत, गोगलगाई नगावर. कालवं कशात, ते घरीच ठरवा.

५० मीटरची फीत, पेन्सिल, जलरोधक कागद, पकड असलेले बंद बूट (कालवांच्या धारेने पाय चिरतो). चौकटींच्या जागांचे यादृच्छिक आकडे आधीच काढून न्या. किनाऱ्यावर हात आपोआप सुंदर डबक्याकडे जातो. पाण्याचा खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्याला लावून घ्या.

जीव उचलू नका, फोटो काढा. प्रवाळ आणि समुद्रकाकडी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. शंकूच्या आकाराच्या गोगलगाईंचा दंश विषारी असतो. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

ओहोटीच्या दीड तास आधी वरच्या पट्ट्यात सुरुवात करा आणि उतरत्या पाण्यामागे खाली जा. सगळ्यात खालचा पट्टा ऐन ओहोटीलाच उघडा पडतो. परतायची वेळ कागदाच्या माथ्यावर लिहा आणि एकाची नजर सतत समुद्राकडे ठेवा.