या चुका टाळा : आरसी विमानाचं लिंकेज आणि आपली घाई

आरसी, म्हणजे रेडिओने चालवायचं मॉडेल विमान पडलं की पहिला आळ रेडिओवर येतो. "सिग्नल गेला, काका." २.४ गिगाहर्ट्झचे आजचे रेडिओ इतक्या सहजी सिग्नल सोडत नाहीत. अवशेष गोळा करताना मी आधी शेपटीकडे बघतो आणि बरेचदा उत्तर तिथेच असतं : सैल क्लेव्हिस (तारेच्या टोकाची चिमटी), वाकलेला पुशरॉड (हालचाल पोचवणारी तार), स्क्रू नसलेला सर्व्हो आर्म (सर्व्हो या छोट्या मोटरवरचा दांडा). मॉडेल बनवताना पंखाला आठवडे दिले जातात आणि लिंकेजला, म्हणजे सर्व्होपासून हलणाऱ्या पृष्ठभागापर्यंतच्या जोडणीला, शनिवारची रात्र, कारण रविवारी सकाळी उडवायचं असतं.

माझ्या लेखी सगळ्यात वाईट खोड म्हणजे सर्व्हो मध्यावर न आणताच आर्म बसवणं. नवा सर्व्हो पाकिटातून निघतो तेव्हा त्याचा शाफ्ट कुठेही असू शकतो. पोरं नजरेच्या अंदाजाने आर्म सरळ बसवतात, स्क्रू पिळतात, पुशरॉड जोडतात आणि मग बॅटरी लावतात. आर्म भलत्याच कोनात जातो. मग ट्रान्समीटरच्या मेनूत शिरून सबट्रिमने (सर्व्होचा मध्य सरकवण्याच्या सेटिंगने) त्याला ओढूनताणून सरळ करतात. दिसायला सगळं ठीक दिसतं. पण सर्व्होला कुठे वळायचं ते सांगणाऱ्या पल्सचा पल्ला साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा, आणि मध्य १५०० वर. तुम्ही मध्यच १६५० वर नेलात तर एका बाजूला ३५० च उरले. एलेव्हेटर (शेपटीवरचा वर-खाली हलणारा पृष्ठभाग) एकीकडे भरपूर जातो, दुसरीकडे अर्ध्यात थांबतो, आणि हे लक्षात येतं ते हवेत.

माझी पद्धत ठरलेली आहे. ट्रान्समीटरवर नवीन मॉडेल उघडायचं, ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर, सर्व्होला वीज, आणि मगच आर्म, पुशरॉडशी काटकोनात. नेमका काटकोन सहसा मिळत नाही, कारण शाफ्टवर दाते असतात. फुताबा पद्धतीच्या शाफ्टवर २५ दाते, म्हणजे एक दाता सरकवला की १४.४ अंशांचा फरक पडतो. इथे चार फाट्यांचा आर्म कामाला येतो. २५ ला ४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे तोच आर्म पाव फेरी फिरवून बसवला की कोन पाव दात्याने, म्हणजे ३.६ अंशांनी बदलतो. चारही फाटे लावून बघायचे, काटकोनाच्या सगळ्यात जवळचा ठेवायचा, बाकीचे निपरने कापून टाकायचे. जेआरच्या २३ दात्यांवरही ही युक्ती चालते. हायटेकच्या २४ दात्यांवर चालत नाही, तिथे भाग पूर्ण जातो. एवढं करून उरलेले एक-दोन अंश खुशाल सबट्रिमने काढा, सबट्रिम त्याचसाठी दिलेलं असतं.

याचीच धाकटी बहीण म्हणजे पुशरॉड आर्मच्या सगळ्यात बाहेरच्या भोकात घालणं. एलेव्हेटर फारच हलतो म्हणून मग एंडपॉइंट (ट्रान्समीटरवरची प्रवासाची मर्यादा) ४० टक्क्यांवर आणायचा. अरे, सर्व्होचा निम्म्याहून जास्त प्रवास वाया घालवलात! आतलं भोक घ्या आणि हॉर्नचं (पृष्ठभागावर लावलेल्या, तार जोडायच्या कानाचं) बाहेरचं. आर्म १० मिलिमीटर आणि हॉर्न २० मिलिमीटर असेल तर पृष्ठभागाची हालचाल साधारण निम्मी होते, पण जोर दुप्पट मिळतो आणि सर्व्होच्या गिअरमधली ढिलाईही शेपटीपर्यंत निम्मीच पोचते. एंडपॉइंट शंभरच्या आसपास ठेवून हवी तेवढी हालचाल मिळाली, तर लिंकेज जमलं समजा.

ढिलाईवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या फील्डवर इंजिनिअरिंगचा एक मुलगा स्वतः बनवलेलं डेप्रॉन फोमचं विमान घेऊन आला. काम सुंदर होतं, रंग तर फारच. मी एलेव्हेटरची मागची कड चिमटीत धरून हलवली. सर्व्हो चालू, आर्म जागच्या जागी, तरी कड चार-पाच मिलिमीटर वरखाली होत होती. झेड-बेंड (तारेचं झेडसारखं वाकवलेलं टोक) आर्मच्या भोकात जात नव्हता, म्हणून त्याने सुई तापवून भोक मोठं केलं होतं. मी म्हटलं, आर्म बदल, माझ्या डब्यात आहे. तर म्हणे, "हवेत लोड आला की बसतं ते, काका." तीन-चार फेऱ्या खरंच ठीक गेल्या. मग मित्र मोबाइल घेऊन उभा राहिला आणि याला व्हिडिओसाठी लो-पास, म्हणजे जमिनीलगतची फेरी, हवी झाली. वरून डाइव्ह, फुल थ्रॉटल, आणि एकदम भुंगा कानात शिरावा तसा आवाज. तो फ्लटर. सैल पृष्ठभाग वेग वाढला की स्वतःच फडफडू लागतो आणि पाहता पाहता हिंज (बिजागरी) फाडतो. तेव्हा थ्रॉटल ताबडतोब बंद करायचा असतो, पण तो घाबरून एलेव्हेटर ओढत बसला. विमान ज्वारीच्या उभ्या पिकात गेलं. एलेव्हेटर एका हिंजवर लोंबत होता आणि सर्व्होच्या प्लास्टिक गिअरचे दाते गेले होते. शेतकऱ्याची बोलणी मी ऐकली, कारण मी वयाने मोठा.

भोक तापवून मोठं करू नका, कात्रीच्या टोकाने तर नकोच. तारेच्या जाडीचाच ड्रिल बिट हातात धरून फिरवा. झेड-बेंड पक्कडीने दाबून काढला की त्याचे कोपरे गोल राहतात आणि भोकात अडकतात. झेड-बेंडची वेगळी पक्कड मिळते, ती घ्या. चार ॲक्शन कॅमेरे घेणाऱ्याला ती महाग पडू नये.

बारीक तार ओढताना ताठ असते, ढकलताना मधे वाकते. म्हणून एलेव्हेटरचा हॉर्न मी वरच्या बाजूला लावतो. डाइव्हमधून बाहेर काढताना तार ओढली जाते. लांब तार असेल तर मधे फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) आधाराच्या नळ्या चिकटवा.

हॉर्नची भोकं बरोबर हिंजच्या रेषेवर हवीत. मागे-पुढे झाली की वर आणि खाली हालचाल सारखी राहत नाही. एलेरॉनमध्ये (पंखांवरच्या पृष्ठभागांत) वर जास्त, खाली कमी मुद्दाम ठेवतात, एलेव्हेटरमध्ये नको.

ग्रब स्क्रूवाले (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूने तार पकडणारे) स्टॉपर सोयीचे असतात. मी ते एलेव्हेटरवर लावत नाही. बाकी ठिकाणी लावलेत तर तारेवर कानशीने सपाट जागा करा आणि थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब टाका.

क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवा. नाहीतर तो उघडतो.

सर्व्हो आर्मचा मधला स्क्रू. हो, तोही विसरतात.

स्टिक मधे असतानाही सर्व्हो गुणगुणतोय? क्लेव्हिस काढा. आवाज थांबला तर दोष लिंकेजमध्ये : हिंज जड आहे, तार घासतेय, किंवा पृष्ठभाग कुठेतरी अडतोय. अडलेला छोटा सर्व्होसुद्धा अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो. असे तीन-चार एकदम अडले की ईएससीमधल्या (मोटरच्या वेग-नियंत्रकातल्या) बीईसीचा, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणाऱ्या भागाचा, दम निघतो, रिसीव्हर बंद पडतो, आणि पुन्हा तेच, "सिग्नल गेला, काका."

उलटे एलेरॉन : विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. प्रत्येक उड्डाणाआधी बघा, घरी तपासलं होतं हे कारण नको.

आणि हे सगळं टेबलावर करताना प्रॉपेलर काढून ठेवा. ट्रान्समीटर उचलताना थ्रॉटलला बाही लागते.