हिरवे खडे करायची रीत, एकदा बिघडवून शिकलेली

गंजाचा डाग पडला की आमची आजी परसातलं बिंबलं, ते आंबट फळ, कापून कपड्यावर चोळायची. बिंबल्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं. त्यातलं ऑक्झॅलेट लोखंडाच्या आयनाला धरतं आणि पाण्यात उतरवतं. फोंड्याकडच्या कॉलेजात बीएस्सीच्या मुलांकडून मी पोटॅशियम ट्रायऑक्झॅलेटोफेरेटचे हिरवे खडे करून घेते, ते याच आजीच्या रसायनाचं मापात बसवलेलं रूप. धातू मध्ये, त्याला धरून बसणारे कण म्हणजे लिगंड भोवती, असं हे समन्वय संयुग. इथं धातू लोखंड, लिगंड ऑक्झॅलेट.

हातमोजे आणि चष्मा घाला. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, बिंबल्याच्या लोणच्याची आठवण इथंच सोडा.

5 ग्रॅम मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) 15 मिली कोमट पाण्यात विरघळवा, पाण्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचे चार थेंब आधी घाला. मग 25 मिली 10% ऑक्झॅलिक ॲसिड ओतून ढवळत उकळी आणा. ढवळणं थांबवलंत तर द्रावण उसळून अंगावर येतं. फेरस ऑक्झॅलेटचा पिवळा साका बसला की वरचं पाणी ओता आणि गरम पाण्यानं साका दोनतीनदा धुवा. मुलं इथं घाई करतात आणि सल्फेट शेवटपर्यंत सोबत येतं.

साक्यावर 10 मिली संपृक्त पोटॅशियम ऑक्झॅलेट घाला आणि तापमान 40 अंशांवर आणा. आता 20 मिली 3% हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब सोडायचं, थर्मामीटरवरून नजर हलवायची नाही. जास्त तापलं तर पेरॉक्साइड स्वतःच फुटून जातं, फेरसचं (दोन धनभारांच्या लोखंडाचं) फेरिक (तीन धनभारांचं) व्हायचं राहतं. द्रावण तांबूस गढूळ होईल, आमच्या पावसाळी व्हाळासारखं. घाबरू नका, ते फेरिक हायड्रॉक्साइड. सगळं पेरॉक्साइड घालून झालं की उकळी आणा आणि 10% ऑक्झॅलिक ॲसिड हळूहळू घाला. साधारण आठ मिलीला गढूळपणा सरतो आणि स्वच्छ पाचूसारखा हिरवा रंग उरतो. दर वर्षी बघते, तरी मान पुढे जातेच.

गरम असतानाच गाळा. बर्नर विझवून, द्रावण थोडं निवल्यावर 25 मिली अल्कोहोल घाला. “मॅडम, फेणी चालेल?” हा प्रश्न ठरलेला. नाही चालत, बाबा. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी, खडे विरघळूनच राहतील.

आणि बीकर काळोखात ठेवा. एकदा चवथीच्या सुट्टीआधी मी तो पश्चिमेच्या खिडकीत विसरले. परत आले तर तळाशी पिवळी पूड. उजेडानं फेरिकचं पुन्हा फेरस होतं, ऑक्झॅलेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. पहिल्या पायरीवर परत! तेव्हापासून काळा कागद गुंडाळून कपाटात.

हिशेबानं सव्वासहा ग्रॅम मिळायला हवेत. कुणी सात ग्रॅम आणले तर समजावं, ओले आहेत. पावसात आमच्याकडे उघड्यावर काही वाळत नाही. गाळणकागदात दाबून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा, पण ओव्हनमध्ये नको. स्फटिकातलं पाणीही जाईल. डेसिकेटरमधला निळा सिलिका जेल गुलाबी झाला तर तोही बदला. त्यात कोबाल्ट असेल तर तो रंगबदल म्हणजे समन्वयाचाच खेळ, क्लोराइडच्या जागी पाणी येतं.

मोजमापाचं सांगायचं तर इथल्या फेरिकमध्ये पाच इलेक्ट्रॉन एकटे असतात, म्हणून खडे चुंबकाकडे ओढले जातात. सूत्रानं आकडा 5.92 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) येतो.

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं, ते धातू आणि सेंद्रिय लिगंड जोडून उभारलेल्या सच्छिद्र जाळ्यांसाठी. आपले खडे त्या घराण्यातले साधे नातलग, पोकळ्या नसलेले.

थोडे खडे मात्र उजेडासाठी ठेवा. द्रावण कागदाला फासून काळोखात वाळवा, वर नेच्याचं पान दाबून उन्हाच्या तिरिपीत दहा मिनिटं धरा, मग पोटॅशियम फेरिसायनाइडचं द्रावण फिरवा. पानाबाहेरचं सगळं निळं होतं. लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर पानाची जागाही निळी पडेल.