पावसात सोडलेलं घोडं वाडीत आणताना

पाऊस लागला की अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावरच्या घोड्यांच्या सवाऱ्या बंद होतात. मग खोगीर उतरवलेली घोडी रेवदंड्याच्या रस्त्याला कचरा हुंगत फिरताना दिसतात. चार वर्षांपूर्वी, बरगड्या मोजाव्यात अशी एक घोडी मी वाडीत आणली आणि त्याच संध्याकाळी तिच्यापुढे पातेलंभर भिजवलेले हरभरे ठेवले. तिने पातेलं चाटून पुसून काढलं, बायकोने फोटो काढला. पाचव्या दिवशी घोडी बसली ती उठलीच नाही.

म्हणून आधी खाण्याचं सांगतो. आठवडेच्या आठवडे उपाशी घोडं अंगातली चरबी, मग स्नायू जाळून जगत असतं. त्याला एकदम पिठूळ किंवा गोड खाणं मिळालं की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदय दगा देतं. हे बहुधा तीन ते दहा दिवसांत होतं, म्हणजे नेमकं आपल्याला ‘सुधारतंय’ असं वाटत असताना. तेव्हा चंदी म्हणजे दाण्याचा खुराक, कोंडा, गूळ, पाव, उरलेला भात, सगळं बंद. पाणी समोर हवं. पहिले तीन दिवस वाळलेला लसूणघास, दर चार तासांनी अर्धा किलो, रात्रीसुद्धा. आमच्याकडे तो पिकत नाही, मी घाटावरून मागवतो. नुसत्या भाताच्या पेंढ्याने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. त्यानंतर डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवायचं. रात्री दोनला टॉर्च घेऊन गेलात की घोडं मूठभर घास संपवून तुमच्याकडे बघत राहील. तेव्हा वळून घरात यायचं. मला अजून जमत नाही, म्हणून मुलाला पाठवतो.

दुसरी गोष्ट वाळू. किनाऱ्यावर भूक लागलेलं घोडं गवताबरोबर वाळूही खातं. चार-पाच लेंड्या बादलीभर पाण्यात कालवा, जरा वेळाने पाणी ओतून द्या. तळाला वाळू राहिली तर डॉक्टरांना सांगा. घोडं लोळतंय, पोटाकडे वळून बघतंय, लीद पडत नाही, असं असेल तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. घोड्याला उलटी करता येत नाही. आणि बाटलीने तेल पाजणारे शेजारी हमखास येतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा. ते तेल फुफ्फुसात जाऊ शकतं.

हे सगळं आणल्यानंतरचं. आणण्याआधी नाकातून चिकट पू किंवा अंगावर गाठी दिसतात का बघा. दिसल्या तर हात लावू नका, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवा. ही ग्लँडर्सची लक्षणं असू शकतात. घोड्यांचा हा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, आणि चाचणीत तो निघाला तर घोडं मारावंच लागतं. बाकी जखमा, तंग म्हणजे खोगिराचा पोटपट्टा घासून पडलेल्या किंवा नालेच्या, साध्या दिसल्या तरी धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

दावं सोडून परस्पर घोडं आणलंत तर चोरी तुमच्या गळ्यात पडेल. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांत तक्रार द्या, नाहीतर मालकाकडून लेखी घ्या. दया येऊन रोख मोजू नका. ते पैसे डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातात आणि नवं तट्टू घेऊन परत येतात. मालकाला शिव्याही देऊ नका, चार महिने त्याचीही चूल धड पेटत नाही. पावसाळ्यात चारा पुरवण्याचं बोललात तर तो ऐकतो, असा माझा तरी अनुभव आहे.

शेवटचं, जे कोणी आधी सांगत नाही. जेसीबीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि जागा बघून ठेवा. जुलैत आमच्या वाडीत हातभर खणलं की पाणी लागतं. पहिला खड्डा असाच भरला. घोडीला मग वर, वरकस जमिनीत न्यावं लागलं. मशीन यायला दुपार झाली. तोवर ती ताडपत्रीखाली होती आणि पातेलं तिथेच, पागोळीखाली भरत होतं.