पंचगंगेच्या घाटावर टोन शिकताना

निसर्गवादी चित्रणाला विषयाचे बंधन नसते. समोरचा माणूस, भिंत किंवा पाणी त्या वेळच्या उजेडात जसे दिसते तसे, न सजवता रंगवणे एवढीच त्याची अट असते आणि ती पाळणे फार अवघड असते. झ्यूल बास्तियँ-लपाज या फ्रेंच चित्रकाराने १८७७ साली गवतकापणीच्या चित्रात दमून बसलेली शेतमजूर स्त्री तिच्या शून्य नजरेसह रंगवली. तिला देखणी करण्याचा मोह त्याने टाळला, म्हणूनच ते चित्र मला या शैलीचा उत्तम पाठ वाटते.

मी कोल्हापुरात चित्रकला शिकलो. इंटरमिजिएट ही चित्रकलेची शालेय परीक्षा देऊन येणाऱ्या मुलांचे रेखाटन बहुधा चांगले असते. कमी पडते ती टोनची, म्हणजे रंगाच्या उजळ-गडदपणाची पारख. ती येण्यासाठी पंचगंगेच्या घाटासारखी जागा नाही. दगड काळा, हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे हात काळ्या रंगाकडे जातो. परंतु सकाळच्या तिरप्या उन्हात तोच दगड फिकट, उबदार करडा दिसतो, सावलीत निळसर होतो आणि पाण्याने भिजलेल्या पायरीवर आकाश उतरल्यामुळे ती कोरड्या पायरीहून उजळ भासते. डोळे बारीक करून पाहिले की तपशील पुसले जातात आणि हे भेद आपोआप कळतात. ट्यूबमधील काळा वापरण्याऐवजी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळावेत, म्हणजे करडा हवा तसा थंड किंवा उबदार करता येतो.

ऊन थांबत नाही, म्हणून सावल्यांच्या कडा आरंभीच पेन्सिलीने बांधून घ्याव्यात आणि पुढे त्या सरकल्या तरी बदलू नयेत. काम उरल्यास दुसऱ्या दिवशी त्याच वेळी यावे. मोबाइलवरील छायाचित्रावर विसंबू नये, कारण त्यात सावल्यांमधील रंग बहुधा हरवतात.

शाहू महाराजांच्या दरबारातील चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ ही तळी याच परिसरात राहून रंगवली, हे नव्या विद्यार्थ्याला मोठे बळ देणारे आहे. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रे पाहावीत, आधी दूरून आणि मग अगदी जवळून, आणि परवानगी घेऊन एखाद्या चित्राची तळहाताएवढी नक्कल केवळ तीन टोनमध्ये करावी.