गोरिला-चिंपांझी बघायला जाताय? या चुका टाळा

युगांडा-रवांडाला जाणारा पर्यटक पिवळ्या तापाची लस घेतो, मलेरियाच्या गोळ्या घेतो, डासांचं मलम घेतो. सगळी काळजी स्वतःची. आपल्यामुळे गोरिलाला काय होईल, हा विचार राहूनच जातो.

"साधी सर्दीच तर आहे"

सगळ्यात महागात पडणारी चूक. 2013 साली युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानात, कान्यावारा भागातल्या चिंपांझींमध्ये खोकल्याची साथ आली. 56 पैकी 5 दगावले. मेलेल्या दोन वर्षांच्या पिल्लात सापडला ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे माणसाच्या सर्दीचाच विषाणू. पुढे संशोधकांनी जनुकं तपासली. माणसाच्या मुलांमध्ये दम्याच्या तीव्र झटक्यांशी ज्या जनुकाच्या एका रूपाचा संबंध आहे, नेमकं तेच रूप तपासलेल्या प्रत्येक चिंपांझीत निघालं. आपलं दोन रुमालांवर भागतं, त्यांना न्यूमोनिया होतो. त्याच उद्यानातल्या न्गोगोच्या चिंपांझींमध्ये 2016-17 च्या साथीत 25 गेले. तो विषाणूही मूळचा माणसांतलाच.

तरी लोक आजार लपवतात. कारण उघड आहे: रवांडात गोरिला बघायचा परवाना 1500 डॉलरचा. मग सकाळी पॅरासिटामॉल घेऊन स्वारी रांगेत हजर! घसा खवखवत असेल, ताप किंवा जुलाब असतील, तर निघण्याआधीच गाइडला सांगा. आजारपणात पैसे किती परत मिळतात, हे परवाना काढतानाच वाचून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मोह होणार नाही. आणि ठणठणीत असलात तरी मास्क लावायचाच, कारण लक्षणं नसतानाही विषाणू पसरवता येतो. नाकाखाली ओढलेला मास्क कुचकामी.

फोटोसाठी पुढे सरकणं

अंतराचा नियम पूर्वी 7 मीटरचा होता, कोविडनंतर 10 चा झाला. पर्यटकांनी इन्स्टाग्रामवर टाकलेले फोटो पाहिले तर तो कितपत पाळला जातो ते कळतं. पण पिल्लूच कुतूहलाने जवळ आलं तर? हात पुढे करू नका, सावकाश मागे सरका आणि गाइड सांगेल तसं करा. शिंक आलीच तर पाठ फिरवून कोपरात.

मागे काहीबाही टाकून येणं

1996 मध्ये युगांडातल्या बविंडी राष्ट्रीय उद्यानातल्या गोरिलांना खरूज झाली, एक पिल्लू मेलं. संशय गेला तो आसपासच्या शेतांतल्या बुजगावण्यांवर, त्यांना घातलेल्या जुन्या कपड्यांवर. तेव्हा टिश्यू, मास्क, फळाची साल, सगळं पिशवीत परत आणा. त्यांच्याजवळ खाऊ नका, थुंकू नका. शौचाला जावंच लागलं तर गाइडला सांगून 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणून, नंतर बुजवायचा.

"डॉक्टर आहेत ना तिथे"

आहेत. 1988 मध्ये रवांडात गोवराचा संशय आल्यावर पहाडी गोरिलांना लसही टोचली होती. पण हे जमतं माणसाची सवय झालेल्या कळपांतच. काँगो प्रजासत्ताकाच्या (ब्राझाव्हिल) लोस्सी भागात 2002-03 च्या इबोलाने अंदाजे 5000 गोरिला मेले, तिथे कोण कोणाला टोचणार? शिवाय चिंपांझीची मादी साधारण पाच-सहा वर्षांनी एकदा विते, त्यामुळे एका साथीतली तूट भरायला कित्येक वर्षं जातात.

लहान मुलांना सोबत नेणं

गोरिला दर्शनाला किमान वय 15 आहे. मुलांना सर्दी-खोकला, गोवर, कांजिण्या सहज होतात, म्हणून हा नियम. वय वाढवून सांगू नका, पासपोर्ट तपासतात.