बोअरचे पाणी आणि फिल्टर कॉफी
सोलापुरात ज्यांच्या घरी बोअरचे पाणी वापरले जाते, त्यांनी कॉफी बेचव लागते म्हणून पावडर वाढवण्याआधी पाणी उकळण्याच्या भांड्याचा तळ पाहावा. तेथे पांढरा थर धरला असेल, तर पाणी जड आहे आणि त्यातील क्षार कॉफीची हलकी आंबूस चव मारून टाकतात. निव्वळ आरओचे पाणीही मला योग्य वाटत नाही, कारण त्यात क्षार फारच कमी उरतात. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळावे. उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून, 20 ग्रॅम पावडरीवर आधी ती भिजेल इतकेच पाणी घालावे, पावडर फुगून वर आली की उरलेले मिळून 100 मिलिलिटर होईल असे सावकाश ओतावे आणि डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, फिल्टरमधून थेंबाथेंबाने उतरू द्यावे.